गावाला मिळालेलं जंगल दरवर्षी जळतंय, गवत आणि झाडं परत आणायची कशी?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की कोरचीकडच्या तुमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्कात चारेकशे हेक्टर जंगल मिळालं, त्यातला निम्मा भाग नुसता गवताचा माळ नाहीतर रायमुनियाची (घाणेरीची) दाटी, दर मार्च-एप्रिलमध्ये वणवा येतो, दोनदा रोपं लावली ती दोन्ही वेळा जळाली, आता तिसऱ्यांदा पैसे येतायत तर कोणती झाडं लावू. मी वीसेक वर्षं गडचिरोली, चंद्रपूर आणि थोडंफार मेळघाटात हेच काम करतोय म्हणून सरळ सांगतो, एक वर्ष काहीच लावू नका. पैसे परत जाणार असतील तर गवतावर आणि जाळरेषेवर (आग अडवायला मोकळा केलेला पट्टा) खर्च करायला मागा, नाहीच ऐकलं तर जाऊ द्या परत. ज्या जंगलात दरवर्षी आग फिरते तिथं रोप लावणं म्हणजे गळक्या माठात पाणी भरणं, आणि ते पाणी वाहणारी माणसं आपल्याच गावची असतात.

आधी एक गोष्ट स्वतः बघून या. मागच्या उन्हाळ्यात जळालेल्या भागात जा आणि खाली वाकून बघा. साग, येन, धावडा, तेंदू, बिजा, पळस यांचे फुटवे दिसतील, बोटाएवढे, काही हाताएवढे. वरचं दरवर्षी जळतं पण मुळं जिवंत असतात, काही खुंटांची मुळं तर तुमच्या आजोबांच्या वेळची असतील. नर्सरीतल्या पिशवीतल्या रोपाचं मूळ वीतभर आणि ह्याचं मूळ कुठल्या कुठं खाली गेलेलं, मग कोण आधी वाढेल? ह्याला सलग चार पावसाळे आग लागू दिली नाही, एका खुंटाला आलेल्या सात-आठ फुटव्यांतले सरळ एक-दोन ठेवून बाकीचे छाटले, की शेंडा ज्वाळेच्या वर जातो आणि साल जाड व्हायला लागते. मग खालून हलकी आग गेली तरी झाड मरत नाही. आपल्याकडचा वणवा बहुतेक जमिनीवरूनच पळतो, अमेरिका-कॅनडासारखा शेंड्याशेंड्यानं जात नाही, म्हणून हे जमतं.

आता आग कोण लावतं. वीज पडून वगैरे आपल्याकडं फार क्वचित, आग माणूसच लावतो, आणि प्रत्येकाकडं कारण असतं. वनखात्याच्या बोर्डावर "वणवा लावू नका" लिहिलेलं असतं पण मोह वेचणाऱ्या बाईला त्या बोर्डाचा काय उपयोग, तिला पहाटे अंधारात पाचोळ्यातून फुलं शोधायची असतात, साप-विंचवाची भीती असते, म्हणून ती झाडाखालचा पाला पेटवते आणि घरी जाते, आग मात्र घरी जात नाही. तेंदूचं, म्हणजे विडीच्या पानाचं, तसंच, जळालेल्या झुडपाला नवी पालवी चांगली येते हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळं कंत्राटदाराच्या माणसानं एखाद्याला शे-दोनशे रुपये दिले की काम झालं. ढोरकी, म्हणजे गुराखी, कोवळ्या गवतासाठी लावतो, कुणी पारधीसाठी, कुणी वाट मोकळी व्हावी म्हणून, कुणी अतिक्रमणाची जमीन साफ दिसावी म्हणून. आणि विडी. मला विचाराल तर विडीला उगाच जास्त बदनाम केलंय, सोयीचं कारण आहे ते, कुणाचं नाव घ्यावं लागत नाही.

म्हणून ग्रामसभेची पहिली मीटिंग झाडांवर नको, आगीवर घ्या. नकाशा काढा, मागच्या तीन-चार वर्षांत आग कुठून सुरू झाली ते म्हाताऱ्यांना आणि ढोरक्यांना विचारा, बोटं एकदोन जागांवरच येतील. आमच्याकडं एका गावात सगळं जंगल जळतं म्हणून ओरड होती, बसून बघितलं तर दरवर्षीची आग दोन मोहाच्या बनांतून आणि एका रस्त्याच्या वळणावरून निघत होती, बस. सगळं जंगल राखायचं नव्हतंच, तीन जागा राखायच्या होत्या.

मोहाचा इलाज सोपा आहे पण फुलं पडायच्या आधी करावा लागतो. बहुतेक गावांत मोहाचं झाड कुठल्या घराचं हे ठरलेलं असतं, कागदावर नसलं तरी सगळ्यांना माहीत असतं, ती यादी लिहून काढा. ज्याचं झाड त्यानं फेब्रुवारीच्या शेवटी झाडाखाली फांद्यांच्या घेरापेक्षा दोन हात बाहेरपर्यंत झाडून घ्यायचं, पाला खड्ड्यात टाकायचा किंवा शेतात न्यायचा. खाली जुन्या साड्या शिवून अंथरा नाहीतर शेडनेटची जाळी घ्या, फुलं स्वच्छ मिळतात, माती लागत नाही म्हणून भाव थोडा बरा येतो, आणि बाया ऐकतात ते ह्या भावासाठी, जंगलासाठी नाही, आणि त्यात काही चूक नाही. ज्या घरात एकटी म्हातारी बाई आहे तिच्या झाडाखाली झाडायला पोरं पाठवा, नाहीतर तिथूनच लागेल.

तेंदूला आगीऐवजी खुटकटाई. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडूप जमिनीलगत विळ्यानं छाटलं की महिना-दीड महिन्यात तसाच कोवळा, मोठा पत्ता येतो, आगीची गरजच नाही. पण खुटकटाईला मजुरी लागते आणि काडीपेटी अगदी स्वस्तात मिळते, अडचण एवढीच आहे. आता बऱ्याच ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात, तुम्हीही करत असाल, तर करारनाम्यात लिहा की खुटकटाईचा खर्च कंत्राटदाराचा, युनिटमध्ये (लिलावातल्या तेंदूच्या क्षेत्रात) आग लागली तर अनामतीतून एवढी रक्कम कापणार. तोंडी सांगू नका, लिहा. आमच्या माहितीतल्या एका ठिकाणी तोंडी ठरलं होतं, आग लागली आणि कंत्राटदार म्हणाला आमच्या माणसानं लावली हे दाखवा. कसं दाखवणार? चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव एक पाऊल पुढं गेलं, त्यांना २०१२ मध्ये हजारेक हेक्टरवर हक्क मिळाला आणि त्यांनी तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं, कारण त्यापायी आगी लागतात आणि झाडं छाटली जातात, त्याऐवजी बांबूवर उभे राहिले. तुम्ही तेच करा असं मी म्हणणार नाही, तुमच्याकडं बांबू किती आहे त्यावर आहे, बांबू नसताना तेंदू बंद केला तर लोक मेमध्ये खाणार काय. आणि बांबू असेल तर मेलेली, वाळलेली बेटं साफ करत राहा, बांबूला फुलोरा येऊन बेटंच्या बेटं वाळली की ती बारूद असते, फटाक्यासारखी फुटतात.

आता गवत. ह्यावर मी थोडा जास्त बोलणार, कारण सगळे इथंच चुकतात, मी पण चुकलोय. साधारण बारा-तेरा वर्षांपूर्वी एका गावात आम्ही शंभरेक हेक्टरवर कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, आगबंदी सगळं एकदम लावलं. गाव शिस्तीचं होतं, पाळलं. पहिल्या वर्षी गवत मांडीला, दुसऱ्या वर्षी कमरेला, तिसऱ्या वर्षी छातीला लागलं, पाहुणे आणून दाखवायचो, फोटो काढायचो. त्याच मार्चमध्ये शेजारच्या शिवारातून आग आली आणि तीन वर्षांचं साठलेलं वाळलं गवत एका दुपारी गेलं, ज्वाळा इतक्या उंच की फुटवे तर गेलेच, मध्यम वयाची सालईची झाडं पण भाजून मेली. आधी दरवर्षी हलकी आग जायची, आम्ही तिला मोठी करून ठेवली होती. रोपांना हिरव्या प्लास्टिकच्या जाळ्या बांधलेल्या, त्या वितळून काड्यांना चिकटलेल्या अजून डोळ्यासमोर येतात. त्यानंतर मी "बंदी" हा शब्द ग्रामसभेत जपून वापरतो.

गवत वापरलं पाहिजे. कापा, चारा, विका, छपराला न्या, पण जानेवारीच्या आत माळावरून ते हललं पाहिजे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बी पिकून गळालं की कापणी सुरू करायची, वीतभर बुडखा ठेवायचा, सगळा माळ एकदम कापायचा नाही, तीन-चार तुकडे करून एक तुकडा दरवर्षी उभा ठेवायचा, तिथं तितर-लाव्हे राहतात, चितळं बसतात, शिवाय बी तिथूनच पसरतं, फक्त त्या उभ्या तुकड्याच्या चारी बाजूंनी कापलेला पट्टा पाहिजे. गुरांचंही तसंच, पावसाळ्याच्या सुरुवातीला गवत फुटून वर येईपर्यंत दीडेक महिना गुरं बाहेर, मग तुकड्यातुकड्यानं फिरवा. ढोरक्याला मीटिंगला बोलवा, आणि नुसतं बोलवू नका, बोलू द्या. गुरं कुठं कधी जातात हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं आणि त्याला विचारल्याशिवाय केलेला चराईचा आराखडा पहिल्या आठवड्यात मोडतो.

कोणतं गवत आहे ते पण बघा. माळ सगळा कुसळीनं भरलाय का? दरवर्षी जळणाऱ्या जमिनीवर कुसळी वाढत जाते आणि पवन्या, मारवेल अशी गुरं आवडीनं खातात ती गवतं मागं पडतात. मग कुसळीचं बी जनावराच्या तोंडात टोचतं म्हणून ढोरकी परत आग लावतो, म्हणजे कुसळी अजून वाढते, असं ते चक्र आहे. जिथं पवन्या-मारवेल थोडं उरलंय, बांधावर, देवराईच्या कडेला, तिथून नोव्हेंबरमध्ये बायकांकडून बी गोळा करून घ्या, सावलीत सुकवून गोणपाटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी लागते. पहिल्या पावसाआधी उताराला आडवे उथळ तास पाडून त्यात माती-शेण मिसळून टाका, हे बी हलकं असतं, नुसतं फेकलं तर वाऱ्यावर जातं नाहीतर मुंग्या नेतात. मारवेलचे ठोंब जुलैमध्ये लावले तर अजून खात्रीचं. तिखाडी असेल तर तेलाचा वास येतो, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, वाळली की जोरात पेटते, ती गावाजवळच्या आणि रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यातून आधी कापा.

आणि कृपा करून गवताच्या माळावर खड्डे खणून झाडं लावू नका. जिथं मुरूम वर आलाय, खाली माती वीतभर पण नाही, तो माळ पहिल्यापासून माळच असेल. सरकारी कागदावर त्याला पडीत म्हणतात, झुडपी जंगल म्हणतात, आणि "पडीत" म्हटलं की कुणाच्याही हाताला कुदळ घ्यावीशी वाटते. हो, झुडपी जंगलाचा सातबारा तुमच्या क्षेत्राला लागून असेल तर लक्षात ठेवा, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं विदर्भातली झुडपी जंगलाची जमीन वनजमीनच धरायची असं सांगितलंय, त्यामुळं तिथं काही करायचं तर वनखात्याला धरूनच.

रायमुनिया. जाळून ती जात नाही, वरून जळते आणि बुडातून दुप्पट फुटते. वरून कापली तरी तेच. पावसाळा लागताना माती मऊ झाली की, फळं पिकायच्या आधी, बुडाशी थोडं उकरून मुख्य मूळ जमिनीखाली दोन-तीन बोटं कापायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळं वर, म्हणजे परत रुजत नाही. ही पद्धत दिल्ली विद्यापीठातल्या सी. आर. बाबू यांनी पुढं आणली, आम्ही करून बघितलीय, चालते, पण एकदा करून थांबलात तर मेहनत वाया, पुढची दोन-तीन वर्षं पक्ष्यांच्या विष्ठेतून उगवणारी रोपं उपटावी लागतात, विशेषतः ज्या झाडावर पक्षी बसतात त्याखाली. मोकळ्या झालेल्या जागेत त्याच पावसात गवताचं बी टाका, नाहीतर रानतुळस येते, ती सप्टेंबरमध्ये फुलायच्या आत उपटायची, कारण वाळलेली रानतुळस उभी राहते आणि आग उंच नेते. एक मूर्खपणा आम्ही केलेला सांगतो, उपटलेली रायमुनिया सावली आहे म्हणून एका मोठ्या मोहाखाली रचली. उन्हाळ्यात ठिणगी आली, मोह गेला. ढीग मोकळ्यावर, छोटे छोटे, झाडापासून लांब.

जाळरेषा बहुतेकांना माहीत असते पण उशिरा काढतात. खात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, तुमची रेषा जानेवारी संपायच्या आत तयार हवी. गवतात आम्ही पाच-सहा मीटर ठेवतो, झाडीत तीन मीटर, आधी दोन्ही कडांना गवत कापून झाडून घ्यायचं आणि मधला पट्टा खात्याच्या माणसाला सोबत घेऊन सकाळी दव असताना जाळायचा. रेषा नवीन कुठं पाडू नका, नाला, बैलगाडीची वाट, पांदण, धुऱ्याची कड असेल तीच जोडत जा. सागाचा पाला मार्चपर्यंत गळतच राहतो त्यामुळं रेषा एकदा काढून भागत नाही, दर आठ-दहा दिवसांनी झाडावी लागते, ब्लोअर मिळाला तर दोन माणसं एका दिवसात खराट्याच्या कितीतरी पट करतात. उताराच्या खालच्या बाजूला जास्त लक्ष द्या, आग चढावर पळते, उतारावर रेंगाळते.

ठरवून, हलकी आग लावावी का, हा प्रश्न येणारच. कर्नाटकात बिळिगिरी रंगन डोंगरात सोलिगा लोक राहतात, ते उन्हाळा तापायच्या आधी पाचोळ्याची हलकी आग लावायचे, तिला तरगु बेंकी म्हणतात. १९७४ मध्ये अभयारण्य झालं, आग बंद झाली. पुढं रायमुनियानं ते जंगल भरलं, आवळ्यावर बांडगूळ वाढलं, आणि सोलिगा म्हणतात की हे आग थांबवल्यामुळं झालं. अभ्यासकांत यावर वाद आहेत, काही ठिकाणी वारंवारच्या आगीनंच रायमुनिया वाढते असंही दिसलंय. ऑस्ट्रेलियात आर्नहेम लँडच्या पश्चिमेला २००६ पासून तिथले आदिवासी रेंजर पावसाळ्यानंतर लवकर, ओल असतानाच तुकड्यातुकड्यानं जाळतात म्हणजे नंतरच्या मोठ्या आगी कमी होतात, आणि त्या कामाचे त्यांना पैसे मिळतात. माझं मत असं की डिसेंबर-जानेवारीची हलकी आग आणि एप्रिलच्या दुपारची आग ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिलीचं ज्ञान आपल्याही म्हाताऱ्यांकडं आहे. पण कायदा तुमच्या बाजूनं नाही. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ खाली गुन्हा आहे, अभयारण्यात वन्यजीव कायद्याचं कलम ३० लागतं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला जंगल राखायचा, वाढवायचा, त्याचं व्यवस्थापन करायचा हक्क दिलाय, पण "आम्ही जाळू" असं त्यातून आपोआप निघत नाही. म्हणून आराखड्यात लिहा, वनखात्याच्या रेंजरची लेखी संमती घ्या, आणि मिळेपर्यंत जाळरेषेपुरतंच ठेवा. पोरांवर केस झाली तर पुढची पाच वर्षं गावात कुणी जंगलाचं नाव घेणार नाही.

पहाऱ्याचं थोडक्यात. फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडियाचा आगीचा मेसेज मोबाईलवर येतो, नोंदणी फुकट आहे, करून ठेवा, पण सॅटेलाइट दिवसातून ठरावीक वेळेलाच वरून जातं आणि झाडाखालची छोटी आग निसटते, टेकडीवर बसलेला पोरगा त्याच्या आधी फोन करतो. ११ ते ५ पहारा महत्त्वाचा, मजुरी रोजगार हमीतून बसते का बघा, नाहीतर तेंदूच्या रकमेतून काढा, फुकटात तीन आठवडे चालतं, चार महिने चालत नाही. विझवायला जाताना सुती कपडे, टेरिकॉट-नायलॉन अंगाला चिकटतं. आगीच्या समोर, चढावर कधी उभं राहायचं नाही, बाजूनं दाबत जायचं, एक पाय नेहमी जळालेल्या काळ्या जमिनीजवळ. पळसाच्या ओल्या फांद्या पुरतात. संध्याकाळी विझली असं वाटलं की लोक घरी येतात आणि रात्री एखादा जळता ओंडका घरंगळून परत पेटवतो, दोन माणसं सकाळपर्यंत तिथंच ठेवा, त्यांना जेवण पाठवा.

झाडं लावायचीच असतील तर दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात, आणि फक्त जिथं फुटवे नाहीत पण माती आहे अशा जागी, नाल्याकाठी, जुन्या बोडीच्या (छोट्या तळ्याच्या) खाली. मोह, चार (चारोळी), आवळा, बेहडा, म्हणजे ज्याचं फळ-फूल उद्या कुणीतरी वेचणार आहे असं झाड, कारण वेचणारा माणूस राखतो. चार तर रोपापेक्षा बी टाकून बरं येतं असा माझा अनुभव आहे. सागाच्या रांगा नकोत, पाला जड, खाली गवत धरत नाही.

आता दिवाळीच्या आधी एवढं करा: नकाशावर आग निघायच्या जागा, मोहाची झाडं आणि ती कुणाची, गुरांच्या वाटा, आणि शेजारच्या ज्या गावाकडून आग येते त्याची हद्द एवढं टाका. शेजारच्या गावाला आत्ताच जाऊन भेटा, मार्चमध्ये भेटाल तर भांडण होईल. हद्दीवरची रेषा दोघांनी मिळून काढायची, निम्मी-निम्मी. नकाशा झाला की फोटो पाठवा, उतार कुठून कुठं आहे तेही त्यावर बाणानं दाखवा, मग रेषा कुठून न्यायची ते बोलू.